रीलमधला दिवस विकू नका, साधा मंगळवार विका



सप्टेंबर उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, कास पठाराजवळ होमस्टे टाकू का? रील्स बघा ना, केवढं पब्लिक जातंय!" मे महिन्यात हाच प्रश्न काजव्यांच्या गावांबद्दल येतो, जुलैत उलट्या धबधब्याबद्दल आणि डिसेंबरमध्ये कोकणातल्या बीचबद्दल.

प्रश्न चुकीचा अजिबात नाही. पर्यटन हा छोट्या माणसाला जमणारा धंदा आहे. गावातच राहून करता येतो, घरातल्या चार माणसांच्या हाताला काम मिळतं. पण "किती लोक जातात?" हे विचारायच्या आधी एक गोष्ट विचारा. तिथून परत येणारा माणूस काय बोलत येतो?

माझं बॅगा, सॅक, रेनकोट आणि छत्र्यांचं दुकान आहे. ट्रिपला जाणारा माणूस आधी माझ्याकडे येतो, आणि बऱ्याचदा तुटलेली चेन घेऊन ट्रिपनंतरही येतो. त्यामुळे जातानाचा उत्साह आणि आल्यावरचा चेहरा, दोन्ही मला काउंटरवरून दिसतात. आल्यावरचं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय: "ठीक होतं हो, पण फोटोत दाखवतात तसं काही नव्हतं."

माझं स्पष्ट मत सांगतो. पर्यटनाच्या धंद्यात या एका वाक्याइतका महाग खर्च दुसरा नाही, आणि तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. रील बनवणारा तो भरत नाही. तो भरतो तिथला होमस्टेवाला, गाडीवाला, नाश्त्याची टपरीवाला. म्हणजे उद्या तुम्ही.

कासला नेमकं काय होतं?

कासचंच उदाहरण घेऊ, कारण ठिकाण खरोखर मोठं आहे. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून जवळपास १२०० मीटर उंचीवर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात कास आहे. म्हणजे ठिकाणात खोट काढायला जागा नाही. तरीही तिथे जाऊन "फुलं कुठायत?" असं विचारणारी माणसं दर हंगामात असतात. असं का?

पहिलं कारण जमीन. कासचं पठार जांभ्या दगडाचं आहे. त्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ. अशा मातीत झाड उंच वाढूच शकत नाही. सीतेची आसवं नावाचं जे निळं-जांभळं फूल तिथे फुलतं, ते बोटाच्या नखाएवढं असतं. आणि गंमत म्हणजे मातीत पोषण कमी म्हणून ती वनस्पती बारीक किडे पकडून पोट भरते! गेंद म्हणतात ती पांढरी फुलं शर्टाच्या बटणासारखी. म्हणजे कासची खरी जादू लहान आहे. वाकून, थांबून बघायची आहे.

दुसरं कारण कॅमेरा. फोटो काढणारा माणूस गुडघ्यावर बसतो, मोबाईल जमिनीला टेकवतो आणि फुलांच्या उंचीवरून तिरका फोटो घेतो. त्या कोनात पुढची फुलं मागच्या फुलांना चिकटलेली दिसतात आणि गालिचा तयार होतो. तुम्ही मात्र साडेपाच फुटांवरून खाली बघता. तुम्हाला दोन फुलांमधलं गवत दिसतं, दगड दिसतो, चिखल दिसतो. वर रंग वाढवायचा फिल्टर. फोटो खोटा नाही म्हणता येत, पण तुमचे डोळे जिथे असतात तिथून तो काढलेला नाही.

तिसरं कारण वेळ. फुलांचा बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही पावसावर सगळं अवलंबून. एखाद्या आठवड्यात गुलाबी तेरडा जोरात, दुसऱ्या आठवड्यात पिवळी सोनकी. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. त्यात सकाळी धुकं उतरलं तर दहा पावलांवरचं दिसत नाही. रीलमध्ये असा कुठलाही हिशोब नसतो. रील म्हणजे त्या महिना-दीड महिन्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसातले सगळ्यात चांगले पंधरा सेकंद.

आता विचार करा. पुण्याचं एक कुटुंब पहाटे चारला उठून, दोन लहान मुलांना गाडीत झोपवून, घाट चढून वर येतं. डोक्यात गुडघ्यापर्यंत फुलांचा समुद्र. समोर धुकं, गर्दी आणि नखाएवढी फुलं. ते वैतागणारच ना!

कॅमेऱ्याचं आणि डोळ्यांचं भांडण

हे फक्त कासपुरतं नाही. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला लोक जातात. काजव्यांचे जे फोटो व्हायरल होतात, त्यात झाडावर हजारो ठिपके एकाच वेळी पेटलेले दिसतात. ते बऱ्याचदा अनेक मिनिटांत काढलेल्या बऱ्याच फोटोंचं एकत्र केलेलं चित्र असतं. दहा मिनिटांत जेवढे काजवे चमकले, तेवढे सगळे एका फोटोत. डोळ्याला दिसतं ते वेगळं: अंधार, मग एक झाड लुकलुकतं, विझतं, परत लुकलुकतं. माझ्या मते हे फोटोपेक्षा भारी आहे. पण आलेल्या माणसाने पैसे फोटोसाठी दिलेले असतात.

नाणेघाटाचा उलटा धबधबाही तसाच. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा जोरदार वारा परत वर उडवतो, म्हणून तो 'उलटा'. वारा पडला की तो साध्या धबधब्यासारखा धबधबा. म्हणजे तिथलं मुख्य आकर्षण रोज वाऱ्याच्या मर्जीवर उघडतं आणि बंद होतं!

आणि परदेशातही काही वेगळं नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधलं मोनालिसाचं चित्र जगातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणायला हरकत नाही. त्याचं माप ७७ बाय ५३ सेंटीमीटर. म्हणजे साधारण अडीच फूट उंच, पावणेदोन फूट रुंद. आपल्याकडच्या हॉलमधल्या टीव्हीपेक्षा लहान! समोर काच, आणि काचेपुढे मोबाईल वर धरलेली गर्दी. "एवढंसंच?" हा उद्गार तिथेही निघतो. चित्रात काही कमी झालेलं नाही. लोकांनी मनात ते भिंतभर मोठं केलेलं असतं.

तर मुद्दा असा की अपेक्षाभंग हा ठिकाण वाईट असल्यामुळेच होतो असं नाही. बघणाऱ्याच्या मनात जे चित्र पाठवलं गेलं, आणि प्रत्यक्षात जे समोर आलं, त्या दोघांमधल्या अंतरामुळे तो होतो.

बीबीएच्या पुस्तकातली एक कामाची गोष्ट

बीबीएला सर्व्हिस मार्केटिंगमध्ये 'गॅप मॉडेल' शिकवतात. १९८५ साली पारसुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी ते मांडलं. सेवा देणाऱ्या धंद्यात पाच ठिकाणी फट पडते, असं त्यांचं म्हणणं. त्यातली चौथी फट माझी आवडती, कारण ती छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त मारते. तुम्ही बाहेर जे बोललात आणि आत जे दिलंत, यातली फट.

साध्या भाषेत सांगतो. कस्टमर तुमची खोली शेजारच्या होमस्टेच्या खोलीशी तोलत नाही. तो ती तुम्ही दाखवलेल्या फोटोशी तोलतो. तीच खोली, तीच चादर, तोच पिठलं-भाकरीचा बेत. 'घरगुती, साधी सोय' म्हणून सांगितलं तर तो खूश होऊन जातो. 'लक्झरी व्हॅली व्ह्यू' म्हणून सांगितलं तर तोंड वाकडं करून जातो. तुमचा खर्च दोन्ही वेळा सारखाच झाला. फरक फक्त तुमच्या शब्दांनी केला.

आमच्या एका बॅचमध्ये पठाराच्या रस्त्यावर होमस्टे चालवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांना एक स्टारचा रिव्ह्यू आला. आम्ही वर्गात तो सगळ्यांनी मिळून वाचला. खोली स्वच्छ होती, असं त्यातच लिहिलेलं. जेवण छान, असंही लिहिलेलं. आणि शेवटी: फुलं नव्हती, नुसतं धुकं, पैसे वाया. आता धुकं काय ताईंनी सोडलं होतं? पण स्टार त्यांच्या नावावर पडला. ज्याने बारा लाख व्ह्यूज मिळवले, त्याच्या रीलला कोणी एक स्टार देत नाही. तशी सोयच नाही.

म्हणून मी म्हणतो, गाजावाजा हे एक प्रकारचं कर्ज आहे. कस्टमर लवकर मिळतो, पण व्याज नंतर भरावं लागतं. आणि बऱ्याचदा कर्ज घेणारा एक असतो, हप्ते भरणारा दुसरा.

अपेक्षाभंग फक्त पर्यटकाचा होत नाही

आता तुमच्याकडे येतो. रील बघून फसणारा पर्यटक एक दिवस आणि तीन-चार हजार रुपये घालवतो. रील बघून होमस्टे टाकणारा उद्योजक किती घालवतो?

एक हिशोब मांडू. आकडे समजायला घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. धरा, पाच खोल्या. हंगाम सहा आठवड्यांचा, आणि फुल बुकिंग फक्त शुक्रवार-शनिवारच्या रात्री. म्हणजे १२ रात्री. भाडं ३,००० रुपये.

५ खोल्या × १२ रात्री × ३,००० = १,८०,००० रुपये.

आता बांधकामासाठी १२ लाखांचं कर्ज घेतलंय, व्याज ११ टक्के. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच १,३२,००० च्या आसपास. उरले ४८,०००. त्यात लाईट बिल, गॅस, चादरी धुणं, कामाला ठेवलेल्या मावशींचा पगार, पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी. मुद्दल अजून बाकीच आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. पाच खोल्यांच्या वर्षातल्या रात्री किती? ५ × ३६५ = १,८२५. हंगामातल्या भरलेल्या किती? ६०. म्हणजे शंभरातल्या तीन-सव्वातीन. उरलेल्या १,७६५ रात्रींचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्या रीलमध्ये मिळणार?

रीलमध्ये गाड्यांची रांग दिसते म्हणून आपण रोज रांग धरतो. पर्यटक सगळ्यात चांगल्या दिवसावर ट्रिप ठरवतो, आणि आपण सगळ्यात चांगल्या दिवसावर कर्ज काढतो. चूक तीच, फक्त रक्कम मोठी.

म्हणून माझा एक नियम आहे. धंद्याचा हिशोब मंगळवारचा करा. ऑफ सीझनचा मंगळवार, पाऊस नाही, फुलं नाहीत, धबधबा आटलेला. त्या दिवशी तुमच्याकडे कोणी का यावं? कासजवळ असाल तर ठोसेघर आणि बामणोलीचा परिसर आहे, सातारा शहर जवळ आहे, थंडीतलं मोकळं आकाश आहे, निवांत बसायला येणारी माणसं आहेत, छोटे गट आहेत. त्या मंगळवारला कारण सापडलं तर धंदा टाका. नाही सापडलं तर खोल्या बांधू नका. हंगामापुरती नाश्त्याची टपरी टाका, गाडी चालवा, राहत्या घरातल्या रिकाम्या दोन खोल्या द्या. छोटं सुरू करण्यात कमीपणा कसला?

मंगळवार विकायचा कसा?

आता कामाचं बोलू. धंदा टाकला, तर जाहिरात कशी करायची? माझा सल्ला ऐकायला उलटा वाटेल.

१) 'कधी येऊ नका' हे आधी लिहा. तुमच्या पेजवर महिन्याप्रमाणे एक साधा तक्ता टाका. जूनमध्ये काय दिसतं, सप्टेंबरमध्ये काय, फेब्रुवारीत काय. "एप्रिलमध्ये इथे एकही फूल नसतं, ऊन कडक असतं, पण संध्याकाळ मस्त असते" असं लिहिणाऱ्या माणसावर कस्टमर पटकन विश्वास ठेवतो. ज्याने वाईट सांगितलं, त्याचं चांगलंही खरं वाटतं.

२) फोटो उभं राहून काढा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून, साध्या मोबाईलने, फिल्टर न लावता. खोलीचे चारही कोपरे दिसू द्या. बाथरूमचा फोटो टाकाच. एक फोटो धुक्यातला, एक पावसातला. सुंदर फोटोही टाका, कोणी नको म्हणत नाही. फक्त खाली लिहा की हा अमुक आठवड्यात, सकाळी अमुक वाजता काढलाय आणि असं रोज दिसत नाही.

३) बुकिंग झाल्या झाल्या एक मेसेज पाठवा. नमुना देतो, लागेल तसा बदला:

"नमस्कार दादा, बुकिंगबद्दल धन्यवाद. तीन गोष्टी आधीच सांगतो. फुलं लहान असतात, वाकून बघावी लागतात. धुकं असलं तर थोडं थांबावं लागतं, म्हणून दोन तास हाताशी ठेवा. शनिवार-रविवार गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी या. पठाराचा प्रवेश ठरावीक लोकांनाच असतो, त्याचं ऑनलाइन बुकिंग वेगळं करावं लागतं, ते आधी करून घ्या. काही अडलं तर फोन करा."

बघा, या मेसेजला खर्च शून्य. पण आलेला पाहुणा आता 'फुलांचा समुद्र' शोधत येणार नाही. तो वाकायची तयारी करून येईल.

४) बघायला शिकवा. माझ्या मते सगळ्यात मोठी संधी इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक ती घेतात. निराश होणाऱ्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांना काय बघायचं तेच माहीत नसतं. शंभर-दीडशे रुपयांचं एक भिंग घ्या. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात द्या. आठ-दहा फुलांची नावं आणि फोटो असलेला एक कागद लॅमिनेट करून ठेवा. "हे फूल किडे खातं, शोधा बरं!" एवढं सांगितलं की तेच मूल अर्धा तास हलत नाही. आणि मूल रमलं की आई-बाप खूश. गावातल्या माहीतगार माणसाला गाईड म्हणून सोबत द्या, त्यालाही रोजगार मिळतो. पठारावर पायवाट सोडायची नाही आणि फूल तोडायचं नाही, हेही त्याच वेळी सांगून होतं. फुलं तुडवली गेली तर पुढच्या वर्षी विकायला काय उरणार?

५) एक गोष्ट न सांगता द्या. जाहिरातीत जे लिहिलं त्याचा आनंद कस्टमर बुकिंगच्या वेळीच घेऊन मोकळा होतो. जे लिहिलं नाही, त्याचा आनंद तिथे येऊन होतो. भिजून आलेल्या माणसाला गरम पाणी आणि गवती चहा. निघताना मुलांच्या हातात शेंगदाण्याचा लाडू. पाच-दहा रुपयांची गोष्ट. पण ती जाहिरातीत टाकू नका हं! टाकली की ती अपेक्षा झाली, आणि लाडू संपला त्या दिवशी तक्रार आली.

६) निराश माणसाशी वाद घालू नका. "पाऊस काय आमच्या हातात आहे का?" हे उत्तर खरं आहे, पण धंद्याला मारक आहे. त्याऐवजी, "आज धुक्यामुळे तुमचा हिरमोड झाला, दिसतंय मला. उद्या सकाळी धुकं उठलं तर परत जाऊन या, चेक-आऊट दोन तास उशिरा करा." तुमचे गेले दोन तास. वाचला एक रिव्ह्यू.

"पण सर, शेजारचा ड्रोन शॉट टाकतोय!"

हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. तुम्ही मंगळवार दाखवाल, शेजारी सूर्यास्ताचा ड्रोन शॉट दाखवेल. चौकशी त्याच्याकडे जास्त जाईल. पहिल्या हंगामात तुमची बुकिंग कमी असेल, हे मी लपवत नाही. जो ट्रेनर सांगतो की खरं बोला आणि पहिल्याच महिन्यात हाऊसफुल व्हाल, तोही एक रीलच विकतोय असं समजा.

पण माझ्या दुकानातला अनुभव सांगतो. माझ्याकडे स्वस्तातला एक रेनकोट आहे. गिऱ्हाईक विचारतं, "पाणी आत येणार नाही ना?" मी सांगतो, "चालत जाणार असाल तर नाही येणार. बाईकवर तासभर मुसळधार पावसात गेलात तर शिवणीतून येणार. बाईकसाठी हवा असेल तर हा दुसरा घ्या, आतून शिवणीला टेप लावलेली आहे, पण चारशे रुपये जास्त." काही जण काहीच न घेता जातात. काही जण महागातला घेतात. आणि ज्यांनी स्वस्तातला घेतला, ते ओले झाले तरी भांडायला येत नाहीत. "तुम्ही म्हणाला होता तसंच झालं" म्हणत पुढच्या वर्षी दुसरा न्यायला येतात. सांगितलेली कमतरता ही तक्रार होत नाही. लपवलेली होते.

होमस्टेलाही हेच लागू. ड्रोन शॉटवाल्याकडे नवीन माणूस दर वेळी जाहिरातीने आणावा लागतो. तुमच्याकडे जुना माणूस भाऊजींना घेऊन येतो, ऑफिसचा ग्रुप घेऊन येतो. हे एका हंगामात दिसत नाही, तीन हंगाम लागतात. म्हणूनच वर मंगळवारचा हिशोब सांगितला. ज्याने कर्ज बेताचं काढलंय, त्याला खरं बोलायला तीन हंगाम थांबता येतं. ज्याचा हप्ता डोक्यावर बसलाय, त्याला ड्रोन शॉटच टाकावा लागतो. खरं बोलणं परवडायचं असेल तर आधी खर्च आवाक्यात ठेवावा लागतो. माझ्या सगळ्या बोलण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कायदाही बघून ठेवा

अजून एक बाजू, जी छोटे व्यावसायिक विसरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या वाचा. खोटं सांगणं तर त्यात येतंच, पण महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही येतं. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे तुमचा होमस्टे सिंधुदुर्गात आणि ग्राहक ठाण्याचा असेल, तर तारखेला ठाण्याला तुम्ही जायचं!

दुसऱ्याच्या पेजवरून उचललेला फोटो, 'बीचवर' म्हणून सांगितलेली पण प्रत्यक्षात दोन किलोमीटर आत असलेली खोली, 'सी व्ह्यू' म्हणजे गच्चीच्या टाकीवर चढून दिसणारा समुद्र. असल्या गमती करू नका. घाबरवत नाहीये. फक्त सांगतोय की खरं लिहिणं स्वस्त पडतं.

शेवटचं, आणि जरा टोचणारं

हे सगळं मी पर्यटनाबद्दल बोललो, पण 'स्वतःचा धंदा' हेही आज एक गाजलेलं ठिकाण झालंय. त्याचेही रील आहेत. नवीन गाडीपुढे उभा उद्योजक, गच्च भरलेलं दुकान, 'नोकरी सोडली आणि आयुष्य बदललं'. कोणी जुलै महिन्यातलं रिकामं दुकान दाखवत नाही. उधारी मागायला मारलेल्या चकरा दाखवत नाही. सणाच्या दिवशी घरचे जेवताना काउंटरवर बसलेला माणूस दाखवत नाही. आम्ही ट्रेनर लोकही यात मागे नाही. आमच्या धंद्याला तर गाजावाजाची सवयच लागलीय.

मला दुकान आवडतं. रिकाम्या मंगळवारीही आवडतं. धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने आधी असा एक मंगळवार जाऊन बघावा, असं माझं मत आहे. होमस्टे टाकायचाय? हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर ते मे यातल्या कुठल्याही मधल्या वारी त्या गावात जा, एक रात्र पैसे देऊन राहा, आणि मालकाशी जेवताना गप्पा मारा. "वर्षात किती दिवस भरतं?" हा एकच प्रश्न विचारा आणि तो काय सांगतो ते वहीत लिहा. त्याच वहीत तुमच्या खोल्या, तुमचं भाडं आणि तुमचं व्याज घालून वरचा हिशोब परत करा.

आणि तो केलात की आकडे कमेंटमध्ये टाका. किती रात्री धरल्या, किती कर्ज धरलं, मंगळवारी कोण येणार असं ठरवलं. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन हिशोब घेऊन बोर्डवर सोडवू.

भेटू. तोपर्यंत धंदा करा, नीट मोजून करा.